नेमबाजीतले पहिले पिस्तूल क्लबचे असावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक प्रकारातही तिने कांस्य पटकावले आणि १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात तिसरे पदक आणले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत नेमबाजीला पूर्वी क्वचितच मिळणारी जागा मिळू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या बातम्या वाचून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेवर, येणारे बहुतेक पालक सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात, "कोणते पिस्तूल घ्यावे?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो आणि त्याचे घाईने दिलेले उत्तर एखाद्या मध्यमवर्गीय घराला लाखाच्या वर खर्चात पाडते. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात मी एअर पिस्तूल हाती घेतले, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत उतरले आणि अजूनही स्वतःला नवोदितच समजते. पदक मिळवलेल्या खेळाडूंचे अनुभव आपण वाचतोच. परंतु खेळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय माहीत असायला हवे, हे नुकताच तो उंबरठा ओलांडलेल्या माणसाला अधिक ताजेपणाने आठवते, असे मला वाटते.

हा खेळ नेमका किती बारकाईचा आहे, हे आकड्यांवरून लवकर कळते. नेमबाज आणि लक्ष्य यांच्यात १० मीटरचे अंतर असते. लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर आणि त्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तूल एकाच हातात, कोणत्याही आधाराशिवाय, उभे राहून धरायचे आणि ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे. त्याआधी तयारीसाठी आणि सरावाच्या शॉटसाठी १५ मिनिटे मिळतात. २०१८ पासून स्त्रियांनाही पुरुषांइतकेच ६० शॉट असतात, त्यापूर्वी ४० असत. सरावाचे वेळापत्रक जुन्या ४० शॉटच्या हिशेबाने आखणारे मार्गदर्शक अजून भेटतात, म्हणून याचा उल्लेख केला.

आता यातले साधे गणित पाहावे, कारण साहित्याच्या निवडीचे सारे मर्म त्यात आहे. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर मागे एक खाच आणि पुढे एक उभी पट्टी असते, त्यांना साइट म्हणतात. मागची आणि पुढची साइट यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असते. हात पूर्ण स्थिर आहे, पण मनगट किंचित वळल्यामुळे पुढची साइट मागच्या खाचेत मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर बाजूला पडतो आणि दहाच्या जागी सात गुण मिळतात. याउलट दोन्ही साइट परस्परांशी अचूक जुळलेल्या असताना संपूर्ण हातच पाच मिलिमीटर बाजूला हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर बाजूला जातो आणि त्याची कड दहाच्या वर्तुळात राहत असल्याने गुण दहाच मिळतात. नवशिक्या माणसाला हात हलतो याची चिंता लागलेली असते. हात सर्वांचाच हलतो. गुण खरे जातात ते साइट वाकड्या झाल्यामुळे, आणि साइट वाकड्या होण्याची मुख्य कारणे दोन: पिस्तुलाची मूठ हाताला नीट न बसणे आणि ट्रिगर ओढताना बोटाने पिस्तूल बाजूला ढकलले जाणे. या दोन्ही गोष्टींचा पिस्तुलावरील कंपनीच्या नावाशी फारच थोडा संबंध आहे.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावे रेंजवर सतत कानी पडतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटलीतल्या या कंपन्या आहेत आणि त्यांची स्पर्धेची पिस्तुले खरोखर उत्तम असतात. यांतले कोणतेही चांगल्या स्थितीतले पिस्तूल, अगदी वीस वर्षांपूर्वीचे असले तरी, शिकंज्यात घट्ट बसवून चालवले तर एकामागून एक छर्रे जवळजवळ एकाच छिद्रातून जातात. म्हणजे यंत्राची अचूकता दहाच्या वर्तुळापेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. नवोदिताचे छर्रे मात्र काळ्या वर्तुळभर विखुरलेले असतात. अशा वेळी जुन्या आणि नव्या मॉडेलमधला फरक त्याच्या गुणपत्रिकेत उमटूच शकत नाही. विक्रेता सांगतो त्या सुधारणा खऱ्या असतात, पण त्यांचा उपयोग होण्यासाठी हाताची जी तयारी लागते ती व्हायला बराच काळ जावा लागतो.

आमच्या रेंजवरच्या प्रशिक्षकांनी मला सुरुवातीला छर्रा दिलाच नाही. क्लबचे एक जुने पिस्तूल हातात दिले आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे केले. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून उभे राहणे, पिस्तूल उचलून लक्ष्याच्या वर नेणे, श्वास सोडत खाली आणणे, नजर पुढच्या साइटवर रोखणे, छर्रा न भरता ट्रिगर ओढणे आणि त्यानंतरही काही क्षण हात तसाच धरून ठेवणे, एवढेच काम होते. समोर लक्ष्य नसल्यामुळे गुणांचा मोह नव्हता आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणी साइट हलली की नाही हे स्पष्ट दिसत होते. या सरावाला आमच्याकडे सगळे 'ड्राय फायर' म्हणतात. तो घरीही करता येतो, त्याला एका पैशाचाही छर्रा लागत नाही आणि माझ्या मते नवोदिताच्या प्रगतीचा मोठा भाग त्यातच दडलेला आहे.

क्लबच्या पिस्तुलांवर शिकण्याचा खरा फायदा माझ्या नंतर लक्षात आला. वेगवेगळ्या मुठी, वेगवेगळी वजने आणि निरनिराळ्या पद्धतीचे ट्रिगर हाताखालून गेल्यामुळे आपल्या हाताला काय मानवते हे हातालाच कळत गेले. दुकानात पाच मिनिटे पिस्तूल धरून हे कळत नाही. तासाभराच्या सरावानंतर अंगठ्याच्या बुडाशी कुठे रुतते, करंगळी कुठे अधांतरी राहते, खांदा कधी भरून येतो, हे थकलेला हातच सांगतो.

मुठीविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण पालक जिच्याविषयी सर्वांत कमी विचारतात ती हीच गोष्ट. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची आणि हाताच्या ठशाप्रमाणे कोरलेली असते. ती स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळते आणि डाव्या-उजव्या हातासाठी निराळी असते. तळहाताच्या खालच्या कडेला टेकण्यासाठी वरखाली सरकणारी एक फळी असते. मूठ बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. लक्ष्यासमोर उभे राहून डोळे मिटावेत, पिस्तूल उचलून हात सैल करून स्थिरावू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध आणि समपातळीत दिसली, तर मूठ आपली आहे. दर वेळी ती एकाच बाजूला झुकलेली दिसत असेल, तर मनगटाने ती सरळ करण्याची सवय लावून घेऊ नये. मूठ फिरवावी, तासावी किंवा बदलावी. मनगटाने केलेली दुरुस्ती पहिल्या दहा शॉटमध्ये खपून जाते, शेवटच्या वीस शॉटमध्ये मनगट थकते आणि जुना कल पुन्हा वर येतो.

मापाची आणखी एक खूण ट्रिगरच्या बोटात असते. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ मागे ओढता येईल असा पडला पाहिजे आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला कुठेही घासता कामा नये. मूठ मोठी असेल तर बोट जेमतेम टोकाने ट्रिगरला पोहोचते आणि ओढताना पिस्तूल बाजूला ढकलते. मूठ लहान असेल तर बोट फार आत जाते आणि उलट बाजूला ओढते. अनुभवी नेमबाज कानस घेऊन मूठ थोडी थोडी तासतात, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरतात आणि पुन्हा तासतात. हे काम हळूहळू, सरावाच्या अनेक सत्रांत विभागून करायचे असते. नियमांची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते: मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, आणि मुठीसह पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे.

आमच्या भागातल्या रेंजवर सामायिक वापरासाठी असलेली पिस्तुले बहुतेक मीडियम आणि लार्ज मुठींची आहेत. शाळकरी मुलींच्या आणि अनेक प्रौढ स्त्रियांच्याही हाताला ती मोठी पडतात. एका ठिकाणी मी आठवीतली एक डावखुरी मुलगी उजव्या हाताने नेमबाजी शिकताना पाहिली, कारण तिथे डाव्या मुठीचे एकही पिस्तूल नव्हते. ती लिहिते डाव्या हाताने, चेंडू फेकते डाव्या हाताने, आणि केवळ उपलब्ध लाकडाच्या तुकड्याखातर तिला दुसरा हात घडवावा लागत होता. तिच्या वडिलांपुढे पर्याय दोनच होते: मुलीला तसेच शिकू द्यावे, किंवा तिला हा खेळ आवडतो की नाही हे कळायच्या आत स्वतंत्र पिस्तूल घ्यावे. दोन्ही हातांना चालणारी साधी मूठ किंवा सुटी डावी मूठ पिस्तुलाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त असते. ती तिथे असायला हवी होती, आणि त्या मुलीची अडचण पाहून मला जे वाईट वाटले त्यातूनच या पत्राचा विचार सुरू झाला.

ट्रिगरच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरची ओढ किमान ५०० ग्रॅमची असावी लागते. स्पर्धेपूर्वी तपासणीत ५०० ग्रॅमचे वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल उभे उचलतात. वजन उचलले गेले पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. ओढ दोन टप्प्यांत असते. पहिल्या टप्प्यात बोट भिंतीला टेकल्यासारखे थांबते आणि दुसऱ्यात थोडासा दाब वाढताच शॉट सुटतो. काही नवशिके ट्रिगर शक्य तितका हलका करून घेतात आणि स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलापाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन धावपळ करतात. ऐनवेळी बदललेल्या ट्रिगरवर बोटाला भरवसा राहत नाही. त्यापेक्षा पाचशेच्या किंचित वर ओढ ठेवून सराव करावा, हे मला दिले गेलेले मार्गदर्शन मी इतरांनाही सांगते.

यांत्रिक ट्रिगर घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, हा वाद नवोदिताने सध्या बाजूला ठेवावा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो, पण त्याला बॅटरी आणि सर्किट असते, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावात ते दुरुस्त करणारा कोणी नसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहून अंतिम फेरीला मुकली. जागतिक दर्जाच्या खेळाडूबरोबर जाणकार माणसे असतानाही असे घडू शकते. म्हणून पिस्तूल निवडताना त्याचे सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस किती अंतरावर आहे, हे मी किमतीच्याही आधी विचारीन.

आजची बहुतेक पिस्तुले दाबाखालील हवेवर चालतात. नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत हवा भरतात आणि ती हातपंपाने किंवा मोठ्या टाकीवरून भरता येते. हातपंप कष्टाचा आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पाण्याचा अंश सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून पंपाला कोरडे ठेवणारे फिल्टर लावावे लागते. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि त्याची मुदत दहा वर्षांची धरली जाते. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडते. जुने पिस्तूल घेणाऱ्यांनी ही तारीख सर्वांत आधी वाचावी. पिस्तूल उत्तम, किंमत वाजवी आणि सोबतच्या दोन्ही सिलिंडरांची मुदत संपत आलेली, असे सौदे होत असतात, आणि नव्या सिलिंडरांचा खर्च धरला की तो सौदा स्वस्त राहत नाही. जुने पिस्तूल घेण्याच्या मी मुळीच विरोधात नाही. उलट, जाणत्या माणसाला सोबत नेऊन, हवा भरून रात्रभर ठेवून दाब उतरतो का ते पाहून, काही शॉट मारून आणि रीतसर कागदपत्रे करून घेतलेले जुने पिस्तूल मला नव्याहून अधिक शहाणपणाचे वाटते. हवेची टाकी लागत नाही अशी, प्रत्येक शॉटपूर्वी एकदा दांडी ओढून हवा दाबायची जुनी पिस्तुलेही काही क्लबांत धूळ खात पडली आहेत. वॉशर बदलले तर ती शिकणाऱ्यांसाठी आजही उपयोगी पडतील.

चाळिशी ओलांडून या खेळात येणाऱ्यांसाठी डोळ्यांचा विषय पिस्तुलाहूनही महत्त्वाचा आहे. नजर लक्ष्यावर न ठेवता पुढच्या साइटवर ठेवायची असते. साइट धारदार दिसावी आणि मागचे लक्ष्य पुसट. हात लांब केल्यावर पुढची साइट डोळ्यांपासून साधारण एक मीटरवर येते. वाचनाचा चष्मा याहून जवळच्या अंतरासाठी असतो, दूरचा चष्मा याहून लांबच्या अंतरासाठी. दोन्हींतून साइट धूसर दिसते, आणि दूरचे-जवळचे नंबर एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह भिंगात तर मान हलली की दृश्य बदलते. नेत्रतज्ज्ञांना हे अंतर मोजून सांगितले की ते दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर मिळवून एका डोळ्यासाठी भिंग देतात. मी साध्याच फ्रेममध्ये असे भिंग बसवून घेतले आणि साइटची कड पहिल्यांदा स्पष्ट दिसली. नेमबाजांसाठीच्या खास एकभिंगी चष्म्याची गरज मला अजून वाटलेली नाही. न वापरायचा डोळा मिटण्याऐवजी त्यासमोर पांढरट पट्टी लावावी, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू ताणले जात नाहीत. या पट्टीची रुंदी नियमाने ३० मिलिमीटरपर्यंतच चालते.

पॅरिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवणारे तुर्कस्तानचे यूसुफ दिकेच यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. साधा चष्मा, एक हात खिशात. ते पाहून अनेकांनी साहित्याचे काही महत्त्व नसते असा अर्थ काढला, आणि रेंजवर अजूनही तो ऐकू येतो. त्यांच्या हातातले पिस्तूल मात्र स्पर्धेसाठीच घडवलेले होते आणि त्यामागे दीर्घ कारकिर्दीचा सराव होता. त्यांच्याकडून घ्यायचे ते इतकेच, की दोन्ही डोळे उघडे ठेवून ज्याला स्पष्ट दिसते त्याने पट्टी आणि खास चष्म्यावर खर्च करू नये.

कपड्यांच्या बाबतीत पिस्तूल नेमबाज सुखी आहे. रायफलवाल्यांना लागणारे कडक जाकीट आणि पँट इथे चालतही नाहीत. सपाट तळव्याचे, घोटा न झाकणारे बूट पुरतात.

छर्ऱ्यांचा खर्च मात्र हिशेबात धरावा, कारण पिस्तूल एकदा येते आणि छर्रे सतत लागतात. स्पर्धेचे सपाट तोंडाचे छर्रे बहुधा ५०० च्या डबीत येतात. आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी ऐंशी शॉट असा सराव धरला, तर एक डबी दोन आठवड्यांत संपते. सरावाला साधे छर्रे आणि स्पर्धेला निवडक, अशी विभागणी बहुतेक जण करतात आणि नवोदिताला ती पुरेशी आहे. छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुणे आणि रेंजवर काहीही न खाणे, ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे. काही ठिकाणी मुले एका हातात छर्ऱ्याची डबी आणि दुसऱ्या हातात वडापाव घेऊन बसलेली मी पाहिली आहेत, आणि जवळच्या मोठ्या माणसांना त्यात काही वावगे वाटत नव्हते.

कायद्याविषयी बरेच गैरसमज आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा सहा जूलच्या आसपास भरते. राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते, त्यातले .२२ चे पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे आणि त्याला परवाना हवाच. परवाना लागत नाही म्हणून एअर पिस्तूल मुलांचे खेळणे ठरत नाही. ते बंद पेटीत, नळीत सुरक्षेची दोरी (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी) घालून न्यावे, पावती आणि क्लबचे ओळखपत्र जवळ ठेवावे, घरात कुलपात असावे आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी कधीही बाहेर काढू नये. पिस्तूल क्लबचे असले की ते क्लबच्याच कपाटात राहते, आणि लहान मुलांच्या घरांसाठी मला ही व्यवस्था जास्त सुरक्षित वाटते.

पहिली स्पर्धाही क्लबच्या पिस्तुलाने खेळता येते. मी तशीच खेळले. तपासणीच्या टेबलावर पिस्तूल कोणाच्या मालकीचे आहे हे कोणी विचारत नाही. वजन, माप, ट्रिगर आणि सिलिंडरची तारीख पाहतात. 'स्टार्ट' या आज्ञेनंतर रांगेतल्या इतरांचे शॉट आपल्याआधी सुटू लागतात आणि सरावात संथ असलेला श्वास भरभर चालू लागतो. त्या घटकेला उपयोगी पडली ती एकच गोष्ट, हातात असलेले पिस्तूल आधी शेकडो वेळा उचललेले होते. शेजारच्या लेनमध्ये एक तरुण नुकतेच घेतलेले, किमती पिस्तूल घेऊन उभा होता आणि त्याचा बराच वेळ साइटचे स्क्रू फिरवण्यात जात होता. मुलगा मेहनती होता. त्याला त्या यंत्राची ओळख होण्याइतका वेळच मिळालेला नव्हता.

या खेळाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नेते. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवोनला विश्वचषक स्पर्धेचे आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. शेतकरी वस्तीच्या गावातला मुलगा ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, त्याच्या पायाशी एक सार्वजनिक संस्था होती, हे मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरच्या पैशाने घेतलेल्या पिस्तुलावरच खेळाची सुरुवात होणार असेल, तर अशी मुले दारातूनच परत जातील.

म्हणून माझी एक ठोस सूचना आहे आणि ती आपल्या वृत्तपत्रामार्फत क्रीडा विभागापर्यंत आणि जिल्हा संघटनांपर्यंत पोहोचावी अशी विनंती आहे. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात, जिथे १० मीटर रेंज आहे किंवा होऊ घातली आहे, तिथे सामायिक साहित्याचे एक कपाट असावे. त्यात चार-पाच चांगल्या स्थितीतली पिस्तुले, जुनी असली तरी चालतील. स्मॉल मापाच्या किमान दोन मुठी आणि एक डाव्या हाताची. मुदतीतली सिलिंडर आणि हवा भरण्याची टाकी. ट्रिगर तपासण्याचे ५०० ग्रॅमचे वजन. सुरक्षेच्या दोऱ्या आणि वॉशरचा संच एवढे असले की पुरे. ग्रंथालयातल्या पुस्तकांप्रमाणे नोंदवहीत सही करून पिस्तूल रेंजवरच वापरायला मिळावे आणि वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून सर्व साहित्याची तपासणी व्हावी. ज्या खेळाडूंनी नवे पिस्तूल घेतले आहे, त्यांची जुनी पिस्तुले रीतसर कागदपत्रे करून या कपाटासाठी विकत घेता येतील. वर्ष-सहा महिने असे शिकून झाल्यावर ज्या मुलाला स्वतःचे पिस्तूल हवेसे वाटेल, त्याला आपल्या मुठीचे माप, सोसणारे वजन आणि आवडता ट्रिगर ठाऊक असेल, आणि त्याच्या पालकांना विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आपल्या क्रीडा पानावर जिल्हावार रेंजची, तिथल्या शुल्काची आणि शिकणाऱ्यांसाठी पिस्तूल उपलब्ध आहे की नाही याची माहिती प्रसिद्ध झाली, तर जूनमध्ये शाळा सुरू होताना पालकांना तिचा मोठा उपयोग होईल. माझ्या जिल्ह्यापुरती ही माहिती गोळा करून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक नवोदित नेमबाज आणि माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा